भात्याचा दांडा कोण ओढतो?

शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारून पाहा, "आपण श्वास कशाने घेतो?" तो क्षणाचाही विचार न करता सांगेल, "फुप्फुसांनी!" त्याच्या आईवडिलांना विचारा, तेही हेच सांगतील. हे उत्तर चूक नाही. पण ते अर्धेच आहे. लोहाराच्या भात्यातून वारा येतो हे खरे, पण भाता काही आपणहून हलत नाही. त्याचा दांडा कुणीतरी ओढावा लागतो.

आपल्या छातीतल्या भात्याचा दांडा ओढतात ते स्नायू. बरगड्यांच्या मधले स्नायू, छाती आणि पोट यांच्यामध्ये पसरलेले श्वासपटल आणि गरज पडली तर मानेचे, खांद्याचे व पोटाचे स्नायूसुद्धा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा चालतो. म्हणजे दिवसाकाठी हिशेब २०,००० च्या आसपास जातो. आपण झोपलेले असतो, जेवत असतो, भांडत असतो, आणि हे काम चालूच असते. इतक्या मुकाट्याने राबणाऱ्यांकडे घरात जसे कुणाचे लक्ष जात नाही, तसेच या स्नायूंचेही होते. त्यांनी काम कमी केले की मगच सगळ्यांची धावपळ होते.

दुखण्याच्या भीतीने

अशीच धावपळ एका घरात झाली. घर साधेच. टपाल खात्यातून निवृत्त झालेले आजोबा, आजी, मुलगा, नोकरी करणारी सून आणि चौथीतला नातू. आजोबांचे वय ६८. भजनी मंडळात पेटीची साथ करणारे म्हणून गल्लीत त्यांची ओळख. त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. छातीचे मधले हाड उभे कापून करतात ती मोठी शस्त्रक्रिया. ती चांगली पार पडली आणि आठव्या दिवशी आजोबा घरी आले. औषधांच्या पिशवीत एक प्लॅस्टिकचे खेळण्यासारखे यंत्रही होते. तीन उभ्या नळ्या, त्यांत तीन रंगीत चेंडू आणि तोंडात धरायची एक नळी. दर तासाला त्याचा व्यायाम करायचा, असे निघताना सांगितले होते. दोन दिवसांतच ते यंत्र कपाटावर जाऊन बसले.

"इतकं मोठं ऑपरेशन झालंय. त्यांना जरा निवांत पडू दे," असे आजींचे म्हणणे. आजोबांनाही तेच हवे होते. खोल श्वास घेतला की छातीत कळ यायची, म्हणून ते अगदी वरवरचा, आखूड श्वास घेत. खोकल्याची उबळ आली की दात आवळून ती परतवत. बोलणे कमी झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, माणूस शांतपणे पडून आहे.

चौथ्या संध्याकाळी अंग कोमट लागले. सूनबाईंनी ताप पाहिला, तो थोडाच होता. पण त्यांच्या नजरेत दुसरी एक गोष्ट भरली. सासऱ्यांचा श्वास नेहमीपेक्षा जलद चालला होता आणि पांघरूण मात्र जवळजवळ हलत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजा टाकली आणि आजोबांना घेऊन इस्पितळ गाठले.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकले, छातीचा फोटो काढला आणि सांगितले, "हृदय उत्तम आहे. पण डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटल्यासारखा झाला आहे. तिथे हवाच पोचत नाही. कफ साचला आहे. असेच राहिले तर न्यूमोनिया होईल."

"पण डॉक्टर, फुप्फुसांना तर काहीच झालं नव्हतं ना?" सूनबाईंनी विचारले.

"फुप्फुसांना नव्हतेच झाले. हवा ओढणारे स्नायू दुखण्याच्या भीतीने काम टाळत आहेत."

हापसा आणि बादलीची कडी

डॉक्टरांच्या या एका वाक्यात श्वासाचे सगळे गणित आहे. ते नीट समजून घेण्यासाठी छातीची रचना एकदा डोळ्यांसमोर आणू या.

फुप्फुस म्हणजे हवेच्या अगणित बारीक पुटकुळ्यांचा मऊ स्पंज. त्याला स्वतःला फुगता येत नाही. फुगवणारा स्नायूच त्याच्यात नाही. उलट मोकळे सोडले तर ते रबरी फुग्यासारखे आक्रसून जाते. ते फुगलेले राहते ते छातीच्या आतल्या भिंतीला धरून असल्यामुळे. फुप्फुसावर एक पातळ आवरण, छातीच्या आतून दुसरे, आणि दोन्हींच्या मध्ये ओलावा. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात, पण ओढून सुट्या करणे जड जाते. इथेही तसेच होते. छाती रुंदावली की फुप्फुसाला तिच्याबरोबर रुंदावणे भाग पडते. आत जागा वाढली की तिथला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा नाकावाटे आत शिरते. हवेला आत ढकलावे लागत नाही. जागा झाली की ती येतेच.

ही जागा करणारा मुख्य कामगार म्हणजे श्वासपटल. छातीची पोकळी आणि पोट यांच्यामधला हा घुमटाच्या आकाराचा पातळ, रुंद स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट खाली येऊन चपटा होतो, पोटातले अवयव थोडे खाली आणि पुढे सरकतात आणि छातीची उंची वाढते. म्हणूनच श्वास घेताना पोट पुढे येते. नेहमीच्या श्वासात घुमट जेमतेम १ ते २ सेंटिमीटर खाली येतो. खोल श्वासात मात्र तो १० सेंटिमीटरपर्यंत उतरू शकतो. कधी त्याला अचानक झटका बसतो, गळ्याचे दार खाडकन मिटते आणि 'उच्‌' असा आवाज होतो. हीच उचकी. आपल्याकडे मात्र तिचे श्रेय आठवण काढणाऱ्या माहेरच्या माणसांना जाते!

दुसरे कामगार बरगड्यांचे. बरगड्यांच्या १२ जोड्या मागे मणक्याला जोडलेल्या आणि पुढे खाली उतरत गेलेल्या असतात. दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे दोन मुख्य थर असतात. बाहेरच्या थराचे तंतू एका दिशेने तिरपे, आतल्या थराचे बरोबर उलट्या दिशेने. बाहेरचा थर आखडला की बरगड्या वर उचलल्या जातात. वरच्या बरगड्यांची हालचाल गावातल्या हापशाच्या दांड्यासारखी होते. त्या वर उठल्या की छातीचे मधले हाड पुढे सरकते. खालच्या बरगड्यांची हालचाल बादलीच्या कडीसारखी. कडी बाजूला पडलेली असते, ती उचलली की बाहेरच्या अंगाला येते. त्यामुळे छाती दोन्ही बाजूंनी रुंद होते. दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवून सावकाश श्वास घ्या. हात एकमेकांपासून दूर सरकलेले तुम्हाला स्पष्ट जाणवतील.

आजोबांना हे समजावून सांगितले ते व्यायाम शिकवणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्ट ताईंनी. त्यांनी आजोबांचा एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला लावला. "आजोबा, तुमचा वरचा हात थोडा हलतोय. खालचा हलतच नाही. खालचा हलला पाहिजे."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी भाता पुरता उघडतच नाही. मग सुरात दम कुठून येणार?"

ताईंना पेटीचे माहीत नव्हते. सूनबाई मात्र हसल्या. पेटीचा भाता अर्धवट उघडून भराभर हलवत राहिले तर हात दमतो आणि सूर काही भरत नाही, हे आजोबा गल्लीतल्या मुलांना कितीदा तरी सांगत आले होते.

हिशेबही तसाच आहे. एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. यातली काही हवा नाकात, घशात आणि श्वासनळीतच राहते. रक्ताला प्राणवायू देणाऱ्या पुटकुळ्यांपर्यंत ती पोचत नाही. ही वाटखर्चाची हवा मोठ्या माणसात साधारण १५० मिलिलिटर असते. श्वास अर्धा लिटरचा असो की पाव लिटरचा, वाटखर्च तेवढाच. त्यामुळे आखूड श्वास घेणाऱ्याने कितीही घाई केली तरी पदरात कमीच पडते.

उच्छ्वास फुकटचा, पण खोकला महाग

श्वास सोडण्याची गोष्ट याहून मजेदार आहे. शांत बसलेल्या माणसाला श्वास सोडायला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. ओढणारे स्नायू सैल पडले की ताणलेले फुप्फुस आपोआप आक्रसते आणि हवा बाहेर जाते. निसर्गाने निम्मे काम असे बिनमोलाने करून घेतले आहे.

चुलीत फुंकणी घालायची असेल, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवायच्या असतील, कुणाला दुरून हाक मारायची असेल तर मात्र हे पुरत नाही. तेव्हा बरगड्यांमधला आतला थर कामाला लागतो. तो बरगड्या खाली ओढतो. पोटाचे स्नायू आवळले जातात आणि श्वासपटलाला खालून वर रेटतात. गाणाऱ्याचे कसब तर आणखी वेगळे. छाती भरून घेतल्यावर ती एकदम रिकामी होऊ नये म्हणून श्वास ओढणारे स्नायूच थोडे थोडे सैल होत ब्रेकसारखे काम करतात. लांबलचक तान घेतल्यावरही गायकाला धाप लागत नाही, त्यामागे या स्नायूंची वर्षानुवर्षांची शिकवण असते.

आणि खोकला? खोकला ही घरातल्या केरसुणीसारखी गोष्ट आहे. श्वासनळीतला कफ आणि धूळ ती बाहेर काढते. पण खोकण्याआधी छाती हवेने भरावी लागते. मग गळ्याचे दार क्षणभर बंद होते, पोट आणि बरगड्या आवळल्या जातात, दार उघडते आणि हवा जोराने बाहेर पडते. ज्याने खोल श्वासच घेतला नाही, त्याच्या खोकल्यात जोर कुठून येणार? आजोबांचा कफ साचला होता तो यामुळेच. दुखते म्हणून श्वास आखूड, श्वास आखूड म्हणून खोकला दुबळा, खोकला दुबळा म्हणून कफ साचलेला, आणि कफामुळे फुप्फुसाचा तो कोपरा मिटलेला.

जेव्हा हुकूमच पोचत नाही

स्नायू दमले किंवा कचरले तर त्यांना समजावता येते. पण त्यांच्यापर्यंत मेंदूचा हुकूमच पोचला नाही तर? या प्रश्नाचे उत्तर मानवाने फार मोठी किंमत देऊन शोधले आहे.

श्वासपटलाला हुकूम नेणारे मज्जातंतू मानेतून निघतात आणि थेट छातीतून खाली उतरतात. बरगड्यांच्या स्नायूंचे मज्जातंतू त्याच्या खाली, पाठीच्या कण्यातून निघतात. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन हा ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करीत असे. त्याने प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले, की मज्जारज्जू मानेच्या खालच्या बाजूला तुटला तर छाती हलायची थांबते, पण श्वासपटल चालू राहते. मानेत फार वर तुटला तर सगळाच श्वास थांबतो. रस्त्यावरच्या अपघातात मानेला मार बसलेल्या माणसाला घाईघाईने उचलून बसवू नये, असे आजही बजावतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

मज्जारज्जूवर घाला घालणारा दुसरा शत्रू म्हणजे पोलिओ. तो पायांप्रमाणेच छातीचे स्नायूही लुळे करी. मुलांची फुप्फुसे धडधाकट, आणि तरी ती श्वासाविना गुदमरत. १९२८ साली अमेरिकेत बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली एक पेटी अशा रुग्णासाठी प्रथम वापरली गेली. रुग्णाला मानेपर्यंत एका पिंपात ठेवायचे आणि पिंपातला दाब यंत्राने कमीजास्त करायचा. दाब कमी झाला की छाती बाहेर ओढली जाई आणि हवा आत येई. लोक याला 'लोखंडी फुप्फुस' म्हणू लागले. खरे तर ते लोखंडी स्नायू होते!

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा अशी यंत्रे पुरेनाशी झाली. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने दुसरी वाट सुचवली. रुग्णाच्या श्वासनळीला छेद देऊन त्यात नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडायची. बारा वर्षांच्या एका मुलीवर हा उपाय प्रथम झाला आणि ती वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयातले सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात बरेच जण इथूनच मानतात. स्नायूंचे काम माणसांच्या हातांनी केले, आणि ते किती अखंड काम आहे हे त्या हातांना कळले.

त्याच १९५२ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पॉल अलेक्झांडर नावाच्या सहा वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला. तो पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ लोखंडी फुप्फुसाच्या आधाराने जगला, शिकला आणि वकील झाला. लहानपणी त्याला गळ्याच्या स्नायूंनी हवेचे घोट गिळून फुप्फुसात ढकलण्याची युक्ती शिकवण्यात आली. तीन मिनिटे यंत्राबाहेर श्वास घेऊन दाखवलास तर कुत्र्याचे पिल्लू देऊ, असे त्याला सांगितले होते. त्याला वर्षभर लागले, पण पिल्लू त्याने मिळवले. मार्च २०२४ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. दारोदार फिरून 'दो बूंद' पाजणाऱ्या त्या सगळ्या कार्यकर्त्यांनी मुलांचे पाय वाचवले, तसे त्यांचे श्वासही वाचवले.

तीन चेंडू

आजोबांच्या स्नायूंना हुकूम पोचत होता, हे त्यांचे भाग्य. डॉक्टरांनी वेदना कमी करणाऱ्या गोळ्यांची वेळ बदलून दिली. व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितले. तोवर सुधारणा झाली नाही तर पुन्हा दाखल व्हावे लागणार होते.

घरी आल्यावर कपाटावरचे यंत्र खाली आले. आजोबांनी नळी तोंडात धरून जोरात फुंकले. एकही चेंडू हलला नाही. "बिघडलंय हे," म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले.

"बाबा, फुंकायचं नाही. आत ओढायचं," सूनबाई म्हणाल्या. "फुंकणं आपोआप होतं. कष्टाचं काम ओढण्याचं आहे, म्हणून तर त्याचा सराव करायचा."

पहिल्या दिवशी पहिला चेंडू थरथरला आणि खाली बसला. आजींना ते पाहवेना. "अगं, कळा येताहेत त्यांना. उद्या करतील," त्या म्हणाल्या.

सूनबाई सासूबाईंजवळ बसल्या. "आई, मलाही बघवत नाही. पण आज थोडं दुखू दिलं नाही, तर परवा त्यांना पुन्हा तिकडे ठेवावं लागेल."

मग आजी उठल्या आणि घट्ट घडी केलेली एक उशी घेऊन आल्या. खोकताना ती छातीशी कवटाळून धरायची, असे ताईंनी दाखवले होते. उशीच्या दाबाने कापलेले हाड हलत नाही आणि कळ कमी येते. त्या रात्री आजोबा प्रथमच मनापासून खोकले. नातवाने वहीत रकाने आखले. सकाळपासून रात्रीपर्यंत दर तासाला एक रकाना, आणि किती चेंडू वर गेले त्याची नोंद. हिशेबाच्या वहीत रकाना मोकळा राहिलेला टपाल खात्यातल्या माणसाला कसा चालेल? दिवसातून तीनचार वेळा ते खुर्चीत ताठ बसू लागले, कारण पाठीवर सपाट पडले की पोटातले अवयव श्वासपटलाला वर रेटतात आणि त्याचे काम वाढते. खोलीतल्या खोलीत फेऱ्याही सुरू झाल्या.

दोन दिवसांनी ताप नव्हता. फुप्फुसाचा मिटलेला कोपरा उघडू लागला होता. तिसरा चेंडू वर जायला पुढे आणखी दोन आठवडे लागले. पण पुन्हा दाखल होण्याची वेळ आली नाही.

तान्ह्या बाळाची छाती पाहा

म्हाताऱ्या माणसाला निदान दुखते असे सांगता येते. तान्ह्या बाळाला तेही येत नाही. त्याच्यासाठी बोलतात ती त्याच्या छातीचे स्नायू, आणि त्यांची भाषा प्रत्येक आईला, आजीला वाचता यायला हवी.

बाळाच्या बरगड्या मऊ आणि जवळजवळ आडव्या असतात. त्यामुळे त्याचा श्वास मुख्यतः पोटाने चालतो. झोपलेल्या बाळाचे पोट वरखाली होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण न्यूमोनियाने फुप्फुस जड आणि ताठर झाले, की श्वासपटलाला फार जोराने ओढावे लागते. मऊ छाती त्या ओढीला टिकत नाही. बाळ श्वास आत घेत असताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत खेचला जातो. हिंदी मुलखात याला 'पसली चलना' म्हणतात. आपल्याकडे खेडोपाडी 'डबा' म्हणतात. आजार जुन्या बायकांनी बरोबर ओळखला होता. त्यावर पोटाला चटके देण्याचा जो अघोरी उपाय काही भागांत चालत आला, त्याने मात्र बाळाचे हाल तेवढे वाढतात आणि मोलाचा वेळ जातो.

घड्याळ लावून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो श्वास जलद समजावा. खोकल्याबरोबर असा जलद श्वास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर रात्रीची सकाळ होण्याची वाट पाहू नये.

ही साधी मोजणी किती जीव वाचवू शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच माणसांना आणि दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. ज्यांना पुढचे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्या गावांत हे काम झाले तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले.

गुडघ्यावर हात टेकून

घरात दम्याचे किंवा वर्षानुवर्षे विडी ओढून, नाही तर चुलीच्या धुरात राहून फुप्फुसे खराब झालेले कुणी असेल, तर त्यांची एक बैठक तुम्ही पाहिली असेल. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते बसतात. कुणी शिकवलेले नसते, शरीरच शिकवते. अशा फुप्फुसांत जुनी हवा अडकून राहते, छाती कायम फुगलेली राहते आणि श्वासपटलाचा घुमट चपटा होतो. आधीच खाली बसलेला घुमट आणखी खाली कसा येणार? मग मानेचे आणि खांद्याचे स्नायू मदतीला धावतात. हात गुडघ्यांवर रोवले, की एरवी हात हलवणारे छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. अशा माणसाला "आडवे पडा, बरे वाटेल" असे सांगू नये. त्याला तसेच बसू द्यावे, पुढ्यात उशी ठेवलेले टेबल द्यावे. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ करून तो सावकाश सोडायला सांगावे. त्यामुळे वायुमार्ग जास्त वेळ उघडे राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडायला सवड मिळते. श्वास घेताना मानेच्या शिरा ताणलेल्या दिसू लागल्या आणि वाक्य पुरे होईनासे झाले, तर मात्र तो स्नायू थकल्याचा इशारा समजून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

या स्नायूंचा एक विशेष असा, की ते दोन मालकांचे ऐकतात. पाण्यात बुडी मारायची असेल, शंख फुंकायचा असेल, तर ते आपल्या इच्छेने चालतात. आपण विसरलो, झोपी गेलो, की मेंदूतले श्वासाचे केंद्र त्यांचा ताबा घेते. गाढ झोपेत स्वप्ने पडत असतात तेव्हा शरीरातले बहुतेक स्नायू सैल पडतात, बरगड्यांचे स्नायूही बरेचसे विश्रांती घेतात. श्वासपटल मात्र त्याही वेळी आपली पाळी सोडत नाही.

घरात कुणी आजारी असले की आपण कपाळाला हात लावून ताप पाहतो. त्याच हाताने पांघरूण जरा बाजूला सारून एक मिनिट छातीकडे आणि पोटाकडेही पाहावे. ती किती वेगाने हलते, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, श्वास घेताना ती बाहेर येते की आत जाते. याला कुठलेही यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ते एक मिनिट आणि त्या मिनिटात दुसरीकडे न जाणारे लक्ष.